घरची साक्ष : रेव्हरंड टिळकांची साधना आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारी महिन्यातील एका रविवारी मिस्सेच्या प्रवचनात आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण दिले होते. त्या दिवशीचे शुभवर्तमान संत लूकचे होते. रात्रभर राबून हाती काही न लागलेले कोळी प्रभूच्या शब्दावरून पुन्हा जाळे टाकतात आणि मग सारे काही मागे ठेवून त्याच्या पाठोपाठ निघतात, हा तो उतारा. टिळकांचा बाप्तिस्माही फेब्रुवारीतच झालेला. साहजिकच घर, जात, मान आणि मित्र या सर्वांवर पाणी सोडून ख्रिस्ताकडे आलेल्या या ब्राह्मण कवीचे चरित्र आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले. मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात एक वृद्ध भगिनी आमच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "फादर, टिळकांचं छान सांगितलंत. पण त्यांच्या बायकोचं काय झालं? तिच्या पदरी पोर होतं ना? तेवढी वर्षं तिने काय खाल्लं?"

"पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या," एवढे सांगून आम्ही वेळ मारून नेली. बाईंनी मान हलवली आणि त्या निघून गेल्या. त्यांचे यजमान ऐन उमेदीच्या काळात प्रार्थनासभांच्या कामासाठी गावोगाव फिरत असत, आणि वाडी, गुरे, मुलांच्या शाळा, सासू-सासऱ्यांची आजारपणे हे सारे या बाईंनी एकटीने ओढले होते, ही गोष्ट आम्हांला ठाऊक होती. त्यामुळे त्यांचा प्रश्न टिळकांविषयी असला तरी तो केवळ टिळकांविषयीचा नव्हता, हेही आमच्या ध्यानात आले. त्या रात्री आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' कपाटातून पुन्हा खाली काढली. सेमिनरीत असताना आम्ही ती वाचली होती. तेव्हा ती विनोदासाठी वाचली होती, हे आता कबूल केले पाहिजे.

टिळकांच्या जीवनाची रूपरेषा आपल्या बहुतेक वाचकांना परिचित असेल. जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. संस्कृतचे अध्ययन, कवित्वाची उपजत देणगी, देशाच्या उद्धाराची तळमळ आणि एका जागी पाय न ठरणारा स्वभाव. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपियन सहप्रवाशाशी गाठ पडली. त्याने त्यांच्याशी काव्याच्या गप्पा केल्या, नवा करार हाती ठेवला आणि प्रामाणिकपणे शोध घेतलात तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन वाचताना टिळकांना अश्रू आवरले नाहीत. पुढे 'ज्ञानोदया'चे संपादक जस्टिन ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तोही परदेशी मिशनरीच्या नव्हे, तर भारतीय पाळकाच्या हातून. त्यानंतर अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही त्यांची कर्मभूमी झाली. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली, साताऱ्याला मुक्काम हलवला आणि 'देवाचा दरबार' या बंधुसंघाची कल्पना मांडली. 9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

टिळक कॅथलिक नव्हते. पूर्वी या एका कारणासाठी आपल्या पत्रांतून त्यांच्याविषयी हात राखून लिहिले गेले असते. परंतु विभक्त बंधूंच्या ठायी ख्रिस्ताचे जे खरे धन आढळते त्याचा आनंदाने स्वीकार करावा, अशी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1964 मध्येच आपल्याला शिकवण दिली आहे. टिळकांचे अभंग हे असे धन आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. 'अभंगांजली'त त्याचा पडताळा येतो. तेथे ख्रिस्त हा सद्गुरू आहे, माउली आहे, कधी रुसण्या-भांडण्याच्या अंतरावरचा सखा आहे. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये 'ख्रिस्तपुराणा'तून प्रभूला मराठी ओवी दिली. वारकऱ्याची आर्त हाक मराठी ख्रिस्ती माणसाच्या प्रार्थनेत रुळवली ती प्रामुख्याने टिळकांनी. आधुनिक भारतातील साक्षात्कारी पुरुषांच्या मालिकेत त्यांना स्थान द्यावे, असे आम्ही म्हणतो ते या बळावर.

मात्र अभंगांतून दिसणारे टिळक आणि 'स्मृतिचित्रे'तून दिसणारे टिळक यांची सांगड घालण्याचे टीकाकार बहुधा टाळत आले आहेत. भाविक अभ्यासक अभंग घेतात आणि 'स्मृतिचित्रे'तील टिळकांना मोठ्या माणसाच्या लहरी म्हणून बाजूला ठेवतात. साहित्याचे अभ्यासक 'स्मृतिचित्रे' घेतात, तिच्या निर्मळ विनोदाची वाखाणणी करतात आणि टिळकांच्या साधनेकडे एका विक्षिप्त नवऱ्याचा छंद म्हणून पाहतात. आम्हांला हे दोन्ही वाचन अपुरे वाटते. आमच्या मते 'स्मृतिचित्रे' हा टिळकांच्या आध्यात्मिक जीवनाचा एक अत्यंत महत्त्वाचा दस्तऐवज आहे. प्रभूशी ऐक्य झाले, असे साधक म्हणतो तेव्हा ते म्हणणे कितपत खरे, याची परीक्षा त्याच्या घरात होते, आणि त्या परीक्षेचा निकाल घरच्या माणसांनी सांगायचा असतो.

मराठी संतपरंपरेत ही घरची साक्ष सहसा आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. विठ्ठलपंतांची कथा आपण जाणतो. तरुण पत्नीला आळंदीत ठेवून ते काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. खरी हकीकत कळल्यावर गुरूंनी त्यांना परत गृहस्थाश्रमात धाडले. पुढे समाजाने त्या कुटुंबाला वाळीत टाकले, आणि त्याची झळ ज्ञानदेवादी भावंडांना सोसावी लागली. ही कथा परंपरेने जपली, परंतु रुक्मिणीबाईंच्या मनात काय होते ते कोणी लिहून ठेवले नाही. तुकोबांची आवली तर कजाग बायको म्हणूनच कीर्तनातून आपल्यासमोर येते. घरात दाणा नसताना धान्य वाटून टाकणाऱ्या पतीविषयी तिला जे बोलायचे होते, ते तिच्या शब्दांत आपण कधी ऐकले नाही. संतांची चरित्रे भक्तांनी लिहिली. पत्नीच्या हाती लेखणी नव्हती.

लक्ष्मीबाईंच्या हाती ती आली, आणि ती टिळकांनीच दिली. बालवयात लग्न होऊन आलेल्या या मुलीला अक्षरओळख नव्हती. अडखळत, रागावत, मध्येच सोडून देत आणि पुन्हा आरंभ करत टिळकांनी तिला वाचायला शिकवले. आपल्या सर्व दोषांची खबर जिला आहे अशा साक्षीदाराला या साधकाने स्वतःच अक्षरे शिकवून उभे केले, ही गोष्ट आम्हांला त्यांच्या कित्येक अभंगांहून अधिक बोलकी वाटते.

संतपदाच्या प्रक्रियेत आपली ख्रिस्तसभा साक्षीदारांना फार महत्त्व देते. उमेदवाराच्या विरुद्ध जे जे सांगता येईल ते मांडण्यासाठी पूर्वी एक स्वतंत्र अधिकारी नेमला जात असे. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. 1983 मध्ये ती पद्धत बदलली. तरी साक्षीदाराने उमेदवाराच्या गुणांबरोबर दोषही सांगावेत, ही अपेक्षा आजही आहे. लक्ष्मीबाई या अर्थाने आदर्श साक्षीदार आहेत. पुस्तकभर त्या पतीचा उल्लेख 'टिळक' असा करतात. त्यात भक्ताचा गहिवर नाही आणि गाऱ्हाणे मांडणाऱ्या बाईचा कढही नाही. टिळकांचा शीघ्रकोप त्या सांगतात. काही न सांगता घरातून निघून जाण्याची त्यांची खोड सांगतात. हाती आलेला पैसा दाराबाहेर कसा जाई, तेही सांगतात. स्वतःचा हट्ट आणि स्वतःचे राग यांनाही त्या पाठीशी घालत नाहीत. आणि हे सारे इतक्या साध्या, बोलक्या मराठीत की, वाचकाला हसू फुटते आणि त्या हसण्याखाली किती सोसणे आहे ते मागाहून उमगते.

या साक्षीचे वजन वाढवणारी आणखी एक बाब पुस्तकाच्या आरंभीच आहे. लक्ष्मीबाईंनी धर्मवेड प्रथम पाहिले ते माहेरी. 1857 च्या धामधुमीत घराण्यातील एका वडीलधाऱ्या पुरुषाला फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड जडले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. कोणाचा स्पर्श होईल या भीतीने घरातली माणसे जखडून गेली होती, आणि सर्वांत जास्त हाल झाले ते आईचे. म्हणजे पुरुषाच्या धर्मनिष्ठेची किंमत घरातल्या स्त्रीने कशी मोजायची असते, हे ही मुलगी सासरी येण्यापूर्वीच शिकली होती. धर्माच्या नावाखाली होणारा जाच तिला पारखता येत होता.

अशा स्त्रीने टिळकांविषयी काय साक्ष दिली? आम्हांला पुस्तकभर एक फरक दिसतो, आणि तो लक्ष्मीबाईंनी तत्त्व म्हणून कोठेही मांडलेला नाही. वडिलांच्या धर्माने घराचे दार लावून घेतले. टिळकांच्या धर्माने ते इतके उघडे टाकले की घरच्यांना बसायला जागा उरेना. वाटेत भेटलेला भुकेला, दुष्काळाने अनाथ केलेली मुले, प्लेगने उद्ध्वस्त केलेली माणसे, आश्रय शोधणारा तरुण कवी, सर्वांना त्या घरात वाट होती. बालकवी ठोमरे नगरला याच घरी पोरक्या मुलासारखे येऊन राहिले होते. दोन्ही धर्मांचा भार घरच्या स्त्रीवरच पडला, हे खरे. पण पहिल्या घरात ती कोमेजली. दुसऱ्या घरात ती रागावली, रडली, भांडली आणि वाढत गेली. नगरच्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा करणारी लक्ष्मीबाई ही सोवळ्यात वाढलेली तीच मुलगी आहे, यावर पुस्तक वाचताना क्षणभर विश्वास बसत नाही.

आता त्या वृद्ध भगिनींच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. 1895 नंतरची सुमारे चार वर्षे लक्ष्मीबाईंनी पतीपासून दूर, लहानग्या दत्तूला घेऊन, नातलगांच्या आधाराने काढली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लोकांच्या नजरा, घरच्यांची समजावणी, पुढच्या दिवसाची धास्ती हे सारे त्यांनी लिहिले आहे. आपण बाप्तिस्मा घेणार, हे टिळकांनी पत्नीला विश्वासात घेऊन ठरवले नाही. तिला ते कळले ते सारे घडून गेल्यावर. अंतःकरणात देवाची हाक ऐकू आली असता विलंब करू नये, हे आम्ही धर्मगुरू म्हणून मानतो. पण ज्या व्यक्तीशी आपले आयुष्य बांधले गेले आहे तिला त्या हाकेची वार्ता परक्याकडून कळावी, यात दोष आहे; आणि टिळकांवरील प्रेमापोटी तो झाकण्याची गरज नाही. लक्ष्मीबाईंनीही तो झाकलेला नाही.

मात्र याच काळातील दुसरी बाजू भाविक चरित्रांतही पुरेशी मांडली जात नाही. 1866 च्या एका कायद्याने धर्मांतरित ख्रिस्ती व्यक्तीला, तिचा हिंदू जोडीदार धर्मांतरामुळे तिच्यासोबत राहायला तयार नसेल तर, न्यायालयाकडून विवाह विसर्जित करून घेण्याची वाट खुली करून दिली होती. कॅथलिक ख्रिस्तसभेतही संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायावर आधारलेला असाच एक विशेषाधिकार आहे; 1983 च्या धर्मविधानाच्या 1143 व्या कलमात तो आढळतो. बाप्तिस्मा न घेतलेला जोडीदार विभक्त झाला तर नवख्रिस्ती व्यक्ती नवा विवाह करण्यास मोकळी होते. पण त्याच अध्यायात पौल सांगतो की, जोडीदार सोबत नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नये. टिळकांनी कायद्याची वाट धरली नाही. त्यांनी वाट पाहिली. पत्रे लिहीत राहिले. आणि लक्ष्मीबाई नगरला आल्या तेव्हा त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी स्वतंत्र राहील अशी व्यवस्था त्यांनी केली. स्वतः ज्या बंधनांना तोडून आले होते ती बंधने पत्नीसाठी, ती स्वतःहून सोडीपर्यंत, त्यांनी जपली. ज्याला एका बैठकीला घरात थारा नव्हता अशा अधीर पुरुषाने ही सबुरी दाखवली, याला आम्ही टिळकांच्या जीवनातील खरा चमत्कार मानतो. गाडीतल्या भाकितापेक्षा तो मोठा आहे.

त्या सबुरीचे फळही लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून कळते. त्या पतीच्या मागे फरफटत ख्रिस्ताकडे आल्या नाहीत. आधी जातिभेद हा देवाने निर्मिलेला नाही, माणसाने रचलेला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, आणि एके दिवशी त्यांनी शिवाशीव टाकली. ख्रिस्ताची ओळख त्यानंतर, हळूहळू झाली. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे "पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या" हे आमचे उत्तर माहिती म्हणून खरे होते. पण त्या वाक्यात लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्रातील तळटीप होऊन बसल्या होत्या. प्रत्यक्षात तेथे दोन स्वतंत्र साधना चालू होत्या. टिळकांची काव्यातून आणि आवेगातून, लक्ष्मीबाईंची चुलीपाशी आणि रोग्यांच्या खाटेपाशी. देव स्वयंपाकघरातल्या भांड्यांतही वावरतो, अशी शिकवण आविलाच्या संत तेरेसाने आपल्या धर्मभगिनींना दिली होती. लक्ष्मीबाईंना ती वेगळी शिकावी लागली नाही.

'ख्रिस्तायना'ची कथा याच दृष्टीने पाहावी. प्रभूच्या जीवनावरचे हे महाकाव्य टिळकांनी आरंभिले आणि त्यांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा दोघेही हयात नव्हते. टिळकांच्या अध्यायांत संस्कृत पंडिताचे शब्दवैभव आहे, तर लक्ष्मीबाईंच्या अध्यायांत घरगुती प्रसंगांची जाण अधिक आहे. काव्यगुणांची तुलना करताना टीकाकार टिळकांना झुकते माप देतात, आणि ते बहुधा योग्य आहे. पण आरंभ करणारा आणि शेवटास नेणारा हे दोघे वेगळे होते, ही गोष्ट त्या घरातील साधनेच्या विभागणीविषयी पुष्कळ सांगून जाते.

टिळकांच्या अखेरच्या दोन वर्षांविषयी मतभेद आहेत. काहींना ती त्यांच्या साधनेचा कळस वाटतात, काहींना एका थकलेल्या माणसाचे स्वप्न. मिशनच्या वेतनावर जगत आपल्या लोकांना ख्रिस्त सांगता येणार नाही, ही त्यांची व्यथा खरी होती. त्यांच्याच वयाचे, म्हणजे 1861 मध्येच जन्मलेले, बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी हीच व्यथा कॅथलिक ख्रिस्तसभेत राहून मांडली होती. 1899 मध्ये जबलपूरला नर्मदेकाठी कॅथलिक संन्याशांचा मठ उभारण्याचा त्यांचा प्रयत्न धर्माधिकाऱ्यांच्या संमतीअभावी मोडला. 1907 मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांची कल्पना काळाच्या फार पुढे असल्याचे थोड्यांनाच उमगले होते. टिळकांचा 'दरबार'ही मोठी संस्था म्हणून कधी उभा राहिला नाही.

या 'दरबारा'विषयी कॅथलिक वाचक म्हणून एक आक्षेप आम्हांला नोंदवला पाहिजे. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य एकाच बंधुसंघात यावेत, अशी टिळकांची योजना होती. त्यामागची कळकळ आम्ही ओळखतो. जातीच्या आणि कुटुंबाच्या बंधनांमुळे पाण्यापर्यंत येऊ न शकणारे पुष्कळ जण त्यांनी पाहिले होते, आणि त्यांचे स्वतःचे घर त्या पाण्याने एकदा दुभंगले होते. परंतु स्नानसंस्कार हा ख्रिस्ताच्या शरीरात प्रवेश देणारा दरवाजा आहे, आणि संस्कार ऐच्छिक ठरले की ख्रिस्तसभा ही समविचारी मित्रांची बैठक होऊन बसते. इच्छेच्या बाप्तिस्म्याविषयी आपली शिकवण उदार आहे. पण ती देवाच्या कृपेची व्याप्ती सांगते, संस्थेची घटना ठरवीत नाही. टिळकांच्या योजनेत हा भेद पुसट झाला, असे आम्हांला वाटते. तरीही एका बाबतीत 1917 चे टिळक 1895 च्या टिळकांहून पुष्कळ पुढे आलेले दिसतात. पहिल्या वेळी लहान मूल पदरी असलेली निरक्षरप्राय पत्नी अंधारात राहिली होती. दुसऱ्या वेळी मुलगा हाताशी आला होता, आणि पत्नी स्वतःच्या श्रद्धेने, स्वतःच्या लेखणीसह उभी होती. उपाध्यायांना सोडायला संसार नव्हता. टिळकांना तो होता, आणि संन्यासाचा अर्थ त्यांना संसाराकडूनच शिकावा लागला.

स्वित्झर्लंडचे संत निकोलस (1417–1487) यांचे स्मरण येथे होते. शेतकरी, न्यायाधीश, दहा मुलांचा पिता. 1467 मध्ये, सर्वांत धाकटे मूल तान्हे असताना, त्यांनी एकांतवासासाठी घर सोडले. पण पत्नी डोरोथिया हिची संमती मिळाल्यावरच. त्यांची झोपडीही घरापासून हाकेच्या अंतरावरच्या दरीत होती. 1947 मध्ये ते संतपदी घोषित झाले. डोरोथियाच्या मनात त्या वेळी काय चालले होते, ते तिने लिहिलेले नाही. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर तिच्या मौनाचाही विचार मनात येतो. 2015 मध्ये लुई आणि झेली मार्टिन हे दांपत्य एकत्र संतपदी गेले. पती आणि पत्नी दोघांची पावित्र्याची वाट एकच असू शकते, हे ख्रिस्तसभेने त्या दिवशी वेदीवरून सांगितले.

आपल्या धर्मग्रामांत देवाच्या कामाची आवड असणारे पुरुष आहेत, आणि आता स्त्रियाही आहेत. प्रार्थनामंडळे, सेवासंघ, गायनवृंद, सभा-शिबिरे यांत त्यांचा वेळ जातो, आणि आम्ही धर्मगुरू त्यांना आणखी बोलावत असतो. त्यांच्या घरी कोण थांबले आहे, हे विचारण्याचे आम्ही विसरतो. ज्याने स्वतःचे घर बांधलेच नाही त्याला इतरांना घर सोडायला सांगणे सोपे असते, हे लिहिताना आमच्या मनाला टोचते. पण 'स्मृतिचित्रे' घरात थांबलेल्यांच्या बाजूने केवळ तक्रार मांडत नाही. ते पुस्तक सांगते की देवासाठी झोकून देणाऱ्या माणसाला सांभाळणेही देवाचेच काम आहे. मात्र त्या माणसाने घरच्यांना वाढू दिले पाहिजे, त्यांचा वेग आणि त्यांची वाट मानली पाहिजे. टिळकांनी हे उशिरा, चुकत-माकत का होईना, केले. म्हणून त्यांच्या अभंगांवर आमचा विश्वास बसतो.

त्या भगिनी पुढे पुन्हा भेटल्या तेव्हा आम्ही त्यांना 'स्मृतिचित्रे'ची आमची प्रत दिली. ती अजून परत आलेली नाही. त्यांच्या सुनेकडून ती शेजारी गेल्याचे कळते. आणि दर तीन वर्षांनी कोळ्यांना झालेल्या पाचारणाचे ते शुभवर्तमान येते तेव्हा आम्ही आता प्रवचनाचा आरंभ मागच्या अध्यायापासून करतो. पेत्राने जाळी सोडली ती लूकच्या पाचव्या अध्यायात. त्याआधी चौथ्या अध्यायात प्रभू येशू त्याच्या घरी गेला होता आणि तापाने फणफणलेल्या त्याच्या सासूच्या उशाशी उभा राहिला होता.